डोळ्यांच्या रांगेतली बाई

चिखलीच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर मोफत तपासायला येतात, त्याच दिवशी माझ्या डोळ्यांची तपासणी असते. एक भाजीवाली नेहमी माझ्या शेजारी बसायची. हाताला कोथिंबिरीचा वास, पदर नाकापर्यंत ओढलेला. समोरची मनाच्या डॉक्टरांची रांग ओसरली, की गुपचूप उठून त्या खोलीत शिरायची. गावातलं कुणी पाहील, ही धास्ती.

परवा ती समोरच्या, मनाच्या डॉक्टरांच्याच रांगेत बसलेली दिसली. माझ्या शेजारी एक आई लेकीला पदराआड घेऊन बसली होती, नजर सारखी त्या खोलीच्या दाराकडे. भाजीवाली उठून आली. पदर खांद्यावर होता. तिनं पोरीचं बोट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पोरीचे डोळे चांगले हायेत ना वं? मंग अठी काऊन बसली? चाल, आपली रांग तिकडे हाये."