मागच्या सीटला ब्रेक नाही

आमच्या साडूभाऊंनी जिच्यात खोट काढली नाही अशी वस्तू पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत अजून तयार व्हायची आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे सगळी सृष्टी 'पास' आणि 'रिजेक्ट' या दोन पेट्यांत बसते अशी त्यांची पक्की समजूत आहे. मोशीच्या बाजारात ते भेंडी निवडायला बसले की भाजीवाला बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगतो, "तुमी घ्या तवर, सायबांचं तपासणं चालू हाय." माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते तरातरा स्टेजवर चढले. मला वाटलं, जवळून अक्षता टाकायला आले. ते आले होते मागची कमान डावीकडे कलली आहे हे डेकोरेटरला दाखवायला. कमान खरोखरच कलली होती. ती सरळ होईपर्यंत भटजींनी एक मंगलाष्टक जास्तीचं म्हटलं आणि आमचा मुहूर्त टळला. निवृत्तीच्या समारंभात कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा शाल-श्रीफळ ठेवून घेऊन घड्याळ त्यांनी तिथल्या तिथे परत केलं, कारण ते मागे पडत होतं.

मग दुसऱ्या दिवसापासून घराचीच कंपनी झाली. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' असं विचारायची पद्धत असते, पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं म्हणतात. एकदा त्यांच्याकडे दूध उतू गेलं. दूध का उतू गेलं? ताई फोनवर होती. फोनवर का होती? धाकट्या बहिणीचा आला होता. तिने का केला? नवऱ्याची तक्रार सांगायला. तक्रार का होती? नवरा रविवारीसुद्धा लॅपटॉप सोडत नाही. आणि का सोडत नाही, हा पाचवा 'का' विचारण्यासाठी मला वाकडहून मोशीला बोलावण्यात आलं. मी अर्धं शहर ओलांडून गेलो, चहा घेतला आणि दूध माझ्यामुळे उतू गेलं हे कबूल करून परत आलो. पाचव्या 'का'ला साडूभाऊ स्वतः सापडलेत, असं मात्र त्या घरात कधी घडलं नव्हतं.

अशा माणसाला काचबिंदू व्हावा याचं मला अजून वाईट वाटतं. समोरचं त्यांना दिसायचं. कपाच्या कानावरचा टवका ते अजून पकडायचे, पण कप ठेवायला वळले की दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. "चौकट बाहेर आलीय," असा निकाल लगेच मिळायचा. डॉक्टरांनी सांगितलं, स्कूटर बंद, कार बंद. साडूभाऊंनी तो कागद नीट वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "सायकलचा उल्लेख नाही. जे लिहिलेलं नाही ते लागू नाही." कंपनीत ऑडिटरची तोंडं त्यांनी याच वाक्याने वर्षानुवर्षं बंद केली होती. ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "हँडल काढून घेतलं तर हे खुर्चीतून उठायचे नाहीत," ती म्हणाली, "आणि नाही काढलं तर मी रोज कुणाचा तरी फोन येईल म्हणून बसून राहायचं. तुम्हीच सांगा काय करू." मी आयटीतला माणूस. यावर विचार करू, असं म्हणालो.

उपाय साडूभाऊंनीच काढला. भोसरीत त्यांच्या मित्राची फॅब्रिकेशनची शेड आहे. तिथे दोन जुन्या सायकली कापून, जोडून त्यांनी दोघांना बसायची एक लांबलचक सायकल बनवून घेतली आणि कारखान्यात जमिनीवर पट्टे मारतात तो पिवळाजर्द रंग तिला फासला. पुढे साडूभाऊ, मागे ताई. ताईने अटी घातल्या. एक, सायकल कंटेनरच्या गर्दीत न्यायची नाही, टेम्पोत घालून चाकणच्या पलीकडे धरणाच्या कालव्यावर न्यायची आणि तिथेच चालवायची. दोन, मी स्कूटरवरून मागे राहायचं. तीन, मागच्या सीटला ब्रेक हवा. पहिल्या दोन पास झाल्या, तिसरी रिजेक्ट. "एका लाईनवर दोन सुपरवायझर चालत नाहीत," ते म्हणाले. "मागच्या माणसाचं काम पेडल मारायचं आणि विश्वास ठेवायचा." शाळेत असताना ताई गावातल्या पोरांच्या पुढे सायकल हाणायची, हे बायकोने मला कितीदा तरी सांगितलंय. लग्न झाल्यापासून ती मागेच बसत आली.

आमच्या वाकडला सायकलीचं वेड आहे, नाही असं नाही. पण तिथे मोटारसायकलीच्या किमतीची सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून कालव्यापर्यंत नेतात, अंगाला चिकटलेले कपडे घालून पुलापर्यंत चालवतात, फोटो काढतात आणि मिसळ खाऊन परततात. मीही एकदा गेलोय, मिसळ चांगली होती. साडूभाऊंचा खाक्या वेगळा. निघायच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला आणि ताईला ओळीत उभं करून त्यांनी सुरक्षेवर भाषण दिलं. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, अंगात रेनकोट. वॉचमनही कुतूहलाने ओळीत येऊन उभा राहिला, तर त्याला त्यांनी बूट पुसून यायला सांगितलं.

कालवा काठोकाठ भरून वाहत होता, तांबडं पाणी, दोन्ही बाजूंना हिरवंगार गवत आणि मधून मुरमाची वाट. "उजवं पेडल वर! स्टार्ट!" अशी आज्ञा झाली आणि पिवळी सायकल निघाली. मला तो देखावा फार आवडला, खोटं कशाला बोलू. ताई मधूनच हात करून दाखवायची, "अहो, ती बघा म्हैस, कशी डुंबतेय." "बघितली," साडूभाऊ भलत्याच बाजूला मान वळवून म्हणायचे. ताई पेडल मारत राहायची. मग पुन्हा काहीतरी दाखवायची, पुन्हा "बघितलं." मागून हे बघताना मी उगाच हॉर्न वाजवला.

पुढे एके ठिकाणी कालवा उजवीकडे वळतो, वाटही वळते. साडूभाऊ वळले नाहीत. ताई ओरडली, "उजवीकडे! अहो, उजवीकडे!" आणि ब्रेक नसल्यामुळे तिने दोन्ही पाय जमिनीवर रोवले. मुरमात दोन लांब चर पडले, सायकल तिरकी होऊन थांबली, पुढचं चाक कालव्याच्या काठावरून बाहेर तरंगत राहिलं. ताईची एक चप्पल पाण्यात पडली आणि शिरूरच्या दिशेने रवाना झाली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा शेळ्या सोडून धावत आला. "आवं सायेब, त्यो क्यानॉल हाय, वाट न्हाई! दिसत न्हाई व्हय तुमाला?"

बिचाऱ्याने सहज विचारलं. साडूभाऊंचं तोंड एवढंसं झालं. मी आणि म्हाताऱ्याने सायकल मागे ओढली. तेवढ्यात ते सावरले, पाठीमागे हात बांधून पावसात उभे राहिले आणि म्हणाले, "बोला. चाक काठावर का गेलं?"

मग त्यांनीच उत्तर दिलं, "हँडल वळलं नाही. का वळलं नाही? वळण दिसलं नाही. का दिसलं नाही? पाऊस होता. विषय संपला."

"पाऊस मलाही होता," ताई म्हणाली. एक पाय अनवाणी, चिखल पोटरीपर्यंत. "मला मागून दिसलं. तुम्हाला पुढून का नाही दिसलं? अजून दोन 'का' राहिलेत, विचारा की."

साडूभाऊंनी चष्मा काढला, ओल्या रुमालाने पुसला, तो आणखी ओला झाला. "बाजूचं दिसत नाही मला," ते म्हणाले. "अजिबात नाही."

"मग इतके दिवस दिसतंय, दिसतंय असं का म्हणत होतात?"

हा पाचवा होता. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मागे बसावं लागेल म्हणून."

"मी जन्मभर बसले," ताई म्हणाली. "काही होत नाही."

म्हातारा आळीपाळीने दोघांकडे बघत होता. त्याने सायकल धरून ठेवली, ताई पुढे बसली. साडूभाऊंनी मात्र निघू दिलं नाही. पुढची सीट तिच्या उंचीला जास्त आहे म्हणून खिशातून पाना काढून, चाचपत, ती त्यांनी खाली घेतली, हाताने दाबून पाहिली, "पास," म्हणाले आणि मागे जाऊन बसले. सुरुवातीला त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी गच्च आवळली होती. ताई मोठ्याने सांगत होती, "डावीकडे पूल आलाय. खाली बाई धुणं धुतेय. आता खड्डा, सांभाळा." हळूहळू त्यांची मूठ सैल झालेली मला मागून दिसली. पुलाच्या पुढे ते स्वतःच विचारू लागले, "म्हैस आहे का गं इथं कुठे?"

आता दर रविवारी टेम्पो येतो. परवा पाऊस होता तरी निघालो. कालव्यावर पोचल्यावर ताई पुढे सायकल उतरवून घेत होती, तेव्हा मी हळूच म्हणालो, "साडूभाऊ, भोसरीला जाऊन मागे एक ब्रेक बसवून घेऊ या का? एका तासाचं काम आहे." मला वाटलं, ते मला रिजेक्ट करणार किंवा लगेच हो म्हणणार. ते म्हणाले, "नको. मागच्या माणसाचं काम पेडल मारायचं आणि विश्वास ठेवायचा." मग ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "फार अवघड काम आहे, राव. हिला इतकी वर्षं कसं जमलं?"

तेवढ्यात ताईने पुढून घंटी वाजवली. साडूभाऊ घाईघाईने मागे जाऊन बसले, पायाने चाचपून उजवं पेडल वर आणलं आणि तिच्या आज्ञेची वाट बघत राहिले.