मेश्राम सर आणि तीन पत्रं

मेश्राम सरांनी पहिल्याच दिवशी मला बाकावर उभं केलं, कारण वर्गात सगळ्यांत लांबडा मीच. मग फळ्यावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. हा वर्गातला सर्वांत उंच मुलगा आहे. वर्गातला दुसरा कोणताही मुलगा याच्याएवढा उंच नाही. हा वर्गातल्या इतर कोणत्याही मुलापेक्षा उंच आहे. "पोट्टेहो, याची उंची वाढली का?" "नाही सर!" "घटली का?" "नाही सर!" "मंग अर्थ तोच." तास संपेपर्यंत मी बाकावरच होतो. त्यांना मला खाली बसवायचं सुचलंच नाही.

पुढे बालाघाटच्या त्याच शाळेत मी हिंदीचा मास्तर झालो आणि स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारची खुर्ची मिळाली. प्राचार्यांनी सुट्टीच्या अर्जावर 'विचार करू' असा शेरा मारला की सर म्हणत, "शब्द गोड, अर्थ तोच. चाल बाप्पा, तासावर चाल." "भाजी वाटीत वाढली काय अन् ताटात वाढली काय, चव तेच," हे तर रोजचं. चुकीचं उत्तर मात्र त्यांनी कधी चालवून घेतलं नाही, मग पोरगा पुढाऱ्याचा का असेना.

त्यांचा एकुलता एक मुलगा विनोद मुंबईच्या एका कंपनीच्या मालवाहू जहाजावर लागला होता. वैनगंगेपलीकडे मोठं पाणी न पाहिलेला पोरगा. एका दुपारी सर कंपनीचं इंग्रजी पत्र घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. विनोद जहाजावरून समुद्रात पडला, पुष्कळ शोधूनही मिळाला नाही, असं त्यात होतं. मला रडू आलं नाही. मी पंख्याकडे पाहत राहिलो. सर म्हणाले, "नीट वाच. दुसरा काही अर्थ निघते का, पाह्य बरं."

इंग्रजीच्या मास्तराने हिंदीच्या मास्तराला हे विचारावं! मी म्हणालो, "सर, सापडला नाही म्हणतात. मेला असं कुठं म्हणतात?"

"हौ," सर म्हणाले, आणि पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

नातेवाईक म्हणू लागले, गेलेल्या पोरासाठी पुण्यानुमोदन करून घ्या, बुद्धवंदना होईल, चार लोकांना जेवू घाला. सर सगळ्यांना माझंच वाक्य ऐकवत, "कंपनी मेला कुठं म्हनते?" विनोदची आई, आमच्या काकू, तर गोंदियाहून येणाऱ्या दुपारच्या गाडीला रोज स्टेशनवर जाऊन बसू लागल्या. मी एकदा त्यांना तिथे पाहिलं. डब्यात भाकरी होती. "उपाशी येईन तो," म्हणाल्या. मी सायकल वळवून घरी आलो आणि जेवलो.

दुसरं पत्र आलं. विनोदचा ठावठिकाणा कळू शकला नाही. मी पुन्हा तेच बोललो. वर्षभराने तिसरं आलं. शोधाचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले आहेत. काकूंची हाडं वर आली होती, डबा सुटला नव्हता. सरांनी पत्र पुढे केलं. "पाह्य बरं."

"तोच अर्थ आहे, सर," मी म्हणालो.

सरांनी खिशातून पहिलं पत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं. मग म्हणाले, "पयल्या पत्रातबी तोच होता ना?"

"हौ, सर. मी खोटं बोललो."

"मले मालूम होतं, लेका. वाचल्याबरोबर समजलं होतं. पन तू वेगळा अर्थ सांगितला, तं वाटलं, सारी जिंदगी दुसऱ्याच्या चुका काढल्या, एक डाव तरी मी चुकलो असन."

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "रविवारी पुण्यानुमोदन ठेवू. आता चाल, तुह्या काकूले घरी घेऊन येऊ."

आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी यायची होती.