जुन्या ड्रममधला गाळ

हाताचा वास जात नाही. तीन वेळा साबण लावला, मग राख, मग पुन्हा साबण. तरी जेवायला बसलो की घासाबरोबर तो वर येतो. कुजलेल्या पाल्याचा, नासक्या अंड्याचा, बरेच दिवस न घासलेल्या मोरीचा असा मिसळलेला वास. बायको म्हणते, वास हातात नाही, डोक्यात आहे. असेलही. पण डोक्याला साबण लावून तो जाईल असं वाटत नाही, कारण त्याच्याबरोबर एक जुनी सकाळही येते.

परसातलं तळं मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन खोल. म्हणजे पाच हजार लिटरांहून थोडं वरच पाणी. त्याला सात वर्षं झाली. पाणी गाळायला एक निळा ड्रम होता, तळाशी वैनगंगेतले बारीक गोटे आणि वर नारळाचा काथ्या. सात वर्षांत तो काथ्या काळा, बुळबुळीत झाला. झाकण उघडताना श्वास रोखावा लागे. शेवटी मी नवा फिल्टर मागवला, पारदर्शक भांड्याचा, तासाला तीन हजार लिटर पाणी ओढणारा. अख्खं तळं पावणेदोन तासांत एकदा गाळून निघणार होतं. बसवायच्या दिवशी मासे टपात काढले, काळा काथ्या विहिरीजवळच्या अळूत फेकला, तळ्याच्या भिंती ब्लीचिंग पावडरनं घासल्या आणि चार वेळा धुतल्या. संध्याकाळी तळाची फरशी लख्ख दिसत होती. सात वर्षांत उरलेले एकोणीसच्या एकोणीस मासे एका जागी उभं राहून मोजता येत होते. इतकं समाधान मला घर बांधून झाल्यावरही वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दोन मासे उलटे तरंगताना दिसले, सहाव्या दिवशी तीन. उरलेले चौदा तोंड वर काढून हवा गिळत होते. पाणी मात्र काचेसारखं नितळ, आणि त्या नितळ पाण्यावर पांढरा चिकट फेस. मेलेले मासे उचलताना त्यांची बुळबुळ बोटांना लागली आणि मी हात झटकला. हात झटकतानाच ते मासे ज्या बाईनं आणून दिले होते ती आठवली.

ती ढिवर मोहल्ल्यातली, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली. बाजारच्या दिवशी टोपली घेऊन बसायची. सात वर्षांपूर्वी एका सकाळी पाणी भरलेल्या जर्मनच्या गुंडीत रोहूची तीस पिल्लं घेऊन ती परसात आली, दुसऱ्या हातात गावच्या जुन्या मामा तलावातल्या गाळाची बादली. मी हां हां म्हणेपर्यंत तिनं तो गाळ माझ्या कोऱ्या ड्रममध्ये ओतला. मी चिडलो. आमच्या घरी घाण आणू नका, असं काहीसं बोललो. खरं तर याहून वाईट. ती रागावली नाही.

"नवं पाणी हाय, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्याले साफ दिसते, मासोळीले नाई. दुधाले विरजण लागते तसं पाण्याले बी लागते."

तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते धुवायला मी वरून पाणी घातलं, मग्गा तिच्या हाताला लागणार नाही इतक्या वरून. त्या वेळी ती मला स्वच्छता वाटली. आज त्या मग्ग्याची किळस गाळापेक्षा जास्त येते.

सहाव्या दिवशी दुपारीच तिच्या घरी गेलो. ती दारात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, बाजार सुटलेला. मी लिटर, तास, दिवस सगळं क्रमानं सांगितलं. ती ब्लीचिंग पावडरपर्यंत ऐकत होती, मग आत सुनेला हाक मारून म्हणाली, "आइक वं, भाऊनं मासोळ्याईले पावडर पाजली." दोघी बराच वेळ हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. तलावातून गाळ आणू का, असं मी विचारलं तेव्हा तिचं हसणं थांबलं. गावभरच्या मोऱ्या आता त्यातच जातात, तिथं ती स्वतःही पाय घालत नाही, असं म्हणाली. मग तिनं उपाय सांगितला: अर्धं पाणी काढून विहिरीचं भरायचं, दाणा बंद ठेवायचा, आणि फेकलेला काथ्या तसाच, न धुता, परत ड्रममध्ये भरायचा.

"जगतील का?" मी विचारलं.

"किती जगतात ते तुमी मोजा. मोजनं तुमाले येते."

अळूखाली तो काथ्या अजून ओला होता. त्यात गांडुळं, गोगलगायी, कसली कसली अंडी. दोन्ही हातांनी उपसला. एकदा बाजूला जाऊन ओकलो, चूळ भरली, पुन्हा उपसला. पाणी आता आधी ड्रममधून आणि मग नव्या फिल्टरमधून फिरतं. त्यानंतर आणखी तीन मासे गेले. उरले अकरा. आज नऊ दिवस झाले, अकराच आहेत, आणि वर येऊन हवा गिळणं थांबलं आहे.

गाळाबद्दल मला प्रेम वाटू लागलं, असं मी लिहिणार नाही. किळस तशीच आहे. सात वर्षं न दिसता जमत गेलेलं विरजण मी एका दुपारी घासून टाकलं, आणि ते पुन्हा जमायला किती दिवस लागतील याचा हिशेब मला मांडता येत नाही. नव्या फिल्टरच्या भांड्याला आतून तपकिरी साय धरू लागली आहे. रोज सकाळी ती थोडी वाढलेली दिसते. हात फडक्याकडे जातो. मी तो मागे घेतो आणि मासे मोजतो.