बॅटरीवरचा रुमाल

शेजारच्या काकूंनी सोलरच्या बॅटरीवर भरतकामाचा रुमाल घातलाय. टीव्हीवर घालतात तसाच, कडेला मोर. वारा खेळायच्या फटी पार झाकल्या गेल्यात. मी हात लावला आणि दचकून मागे घेतला, इतकी तापली होती. पलीकडेच खाटेवर काका, नाकाला ऑक्सिजनची नळी. वीज गेली की त्यांचं मशीन याच बॅटरीवर चालतं.

"काकू, हा काढा आधी! पेट घेईल."

"अगं, धूळ बसते ना! आणि तूच म्हणालीस, जिवापाड जपा."

बसवणारे इंग्रजी पुस्तिका हातात कोंबून पळाले. त्यांचा संताप येतोच. पण घरोघर पत्रकं मी वाटली. 'सोलर बसवा, बिनधास्त राहा' हे वाक्य माझंच. बॅटरी उघडी ठेवा, हे त्यात कुठेच नाही. आपल्याकडे मोलाची वस्तू झाकूनच ठेवतात, हे मला माहीत नव्हतं का?

काकूंनी रुमालाची घडी केली. मी बाहेर आले. गल्लीभर छपरांवर निळी पॅनेलं चमकत होती. कालपर्यंत ती बघून छाती फुगायची. आता प्रत्येक छपराखाली मला एकेक रुमाल दिसत होता, मायेनं नीट पसरलेला.

मी पुढच्या घराचं दार जोरात वाजवलं.