मार्फाला नेट होतं

नेपाळातल्या मुक्तिनाथला जायचं आईने ठरवलं, मी नाही. बाबा स्टील प्लँटमधून रिटायर झाले की दोघं जाणार होते. त्याआधी बाबाच गेले. त्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता आई म्हणाली, "पल्लू, या ऑक्टोबरात मी मुक्तिनाथले जाऊन राहिली. तुले यायचं असन तं सांग, नाही तं एकटी चालली जाईन."

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी भिलाईतून, वैशाली नगरच्या आमच्या घरातूनच काम करते. कोणत्या दवाखान्यात कोणतं औषध किती उरलंय, हे दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्यातले साठ्याचे सगळे स्क्रीन मी तीन महिने खपून केले होते आणि क्लायंटसमोरचा डेमो नेमका आमच्या प्रवासातल्या गुरुवारी होता. साहेब सहज म्हणाले, "तू रजा घे ना, मृणाल दाखवेल."

मृणाल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर. ती पुण्यात साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसते, त्यांच्यासोबत चहाला जाते, मीटिंगमध्ये विनोद करते आणि सगळे हसतात. माझा आवाज तिथे एका छोट्या स्पीकरमधून पोचतो. मी म्हटलं, "रजा नको, तिकडूनच करते." तरी खबरदारी म्हणून साहेबांनी मला सगळं तिला लिहून द्यायला लावलं. मी दोन पानं लिहिली. एकच गोष्ट राहिली: डेमोआधी एक सेटिंग बंद करावी लागते, नाहीतर प्रत्येक औषधाचा साठा दुप्पट दिसतो. विसरले, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

आता वाटेचं. दुर्गहून नौतनव्याला थेट गाडी आहे, पण रोज नाही, तेव्हा आधी गाडीचा वार बघा आणि मग रजा टाका. नौतनव्याहून ऑटोने सोनौली. पायी सीमा ओलांडली की लगेच आपलं सिम मुकं होतं. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ठेवा, आधारवर विसंबू नका. नोटा शंभरच्या आणि त्याहून लहान न्या. तिथलं सिम मी सीमेवरच घेतलं. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मुस्तांग में भी चलेगा, मॅडम." पोखऱ्यापर्यंतच्या दिवसभराच्या बसप्रवासात ते बरं चाललं. घाटात आई खिडकीला नाक लावून "पाय ना, पाय ना!" म्हणत मला दरी दाखवत होती आणि मी मांडीवर लॅपटॉप धरून उलटी दाबत होते. आईचा हेवा वाटला तो तिथे पहिल्यांदा. तिला फक्त बघायचं होतं.

पोखऱ्यात मुस्तांगात, म्हणजे मुक्तिनाथच्या जिल्ह्यात, शिरायचा परवाना काढला (दोन फोटो जवळ ठेवा), दुसऱ्या दिवशी जीप केली. बेनी गावानंतर रस्ता म्हणजे नुसते दगड, आणि फोनवरच्या सिग्नलच्या कांड्या एकेक करून गेल्या. आमच्या जीपमध्ये एक परदेशी जोडपं होतं. त्यांनी फोन पोखऱ्याच्या हॉटेलातच ठेवले होते. मुद्दाम! मला त्यांचाही राग आला.

संध्याकाळी मार्फाला उतरलो. पांढऱ्या घरांच्या मधून फरसबंद गल्ली, छपरांवर रचलेली लाकडं, दारोदार वाळत घातलेल्या सफरचंदाच्या चकत्या. मुक्काम करायचा असेल तर पुढच्या जोमसोमपेक्षा इथे करा. लॉजवाल्या दीदींनी फापराच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचा घट्ट शिजवलेला ढिंडो वाढला. आई म्हणाली, "हे तं आपल्या घाट्यासारखंच हाय," आणि दोनदा घेतलं. वायफायचं विचारल्यावर दीदी म्हणाल्या, "सुबह ठीक है. दोपहर को हवा चलती है, तो बत्ती जाती है. बत्ती गई, तो नेट गया."

गुरुवारी सकाळी नेट खरंच ठीक होतं, पण व्हिडिओ कॉल तीनदा तुटला. साहेबांनी लिहिलं, "राहू दे, मृणाल करेल. तू फीर मजेत." त्या 'मजेत'वर मी बराच वेळ बघत बसले.

डेमो आपल्या साडेतीनला, म्हणजे तिथल्या पावणेचारला होता. दीड वाजता मी आणि आई गच्चीवर उन्हात बसलो होतो. फोन वाजला. मृणालचा मेसेज: "पल्लवी, साठा दुप्पट का दिसतोय? काही बंद करायचं असतं का?"

उत्तर एका ओळीचं होतं. मी ते लिहिलं. वाचलं. मग खोडून टाकलं आणि फोन उलटा ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. तिकडे आकडे दुप्पट दिसतील, क्लायंट भुवया उंचावेल आणि साहेब म्हणतील, पल्लवी असायला हवी होती.

"कोणाचा व्हता?" आईने विचारलं.

"कोणाचा नाई. इथं नेट नाई ना."

"आत्ताच तं टुंग वाजलं." आईने सफरचंद कापायचं थांबवलं. "त्या पुण्याच्या पोरीचा हाय ना? अडली असन बिचारी. कावून जवाब देऊन नाही राहिली?"

"आई, तुले नाई समजत त्यातलं."

"कॉम्प्युटरातलं नाही समजत," आई म्हणाली. "तुयं समजते."

मी उठून सफरचंदाच्या बागांकडे गेले. अर्धा तास झाडांमधून भटकले. आईवर चिडले, मृणालवर चिडले, मग चिडायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. उत्तर द्यायचं ठरवून धावत परत आले, तर वारा सुटला होता. दारं आपटत होती, दीदी पत्र्यावर दगड ठेवत होत्या. बत्ती गेली होती. सिमला एक कांडी नव्हती. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोन उंच धरून मी तीन फेऱ्या मारल्या. पावणेचार वाजले, साडेचार वाजले. आता नेट खरंच नव्हतं.

शुक्रवारी मुक्तिनाथ. आईने एकशेआठ धारांखाली डोकं धरलं, गारठ्याने दात वाजत असताना बाबांचं नाव घेतलं आणि रडली. मी तिला टॉवेलात गुंडाळत असतानाच माझ्या खिशात फोन थरथरला. इतक्या उंचीवर सगळ्या कांड्या भरलेल्या! ग्रुपवर मृणालने लिहिलं होतं: "डेमो मस्त झाला. साठ्याचे सगळे स्क्रीन पल्लवीचे आहेत, हे क्लायंटला आवर्जून सांगितलं."

सेटिंग तिने स्वतः शोधली होती. तीन महिन्यांचं माझं काम दोन तासांत उलगडलं आणि वर माझं नावही घेतलं. मला तिचा हेवा वाटायचा तो टेबलाचा, चहाचा, हशाचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या स्वभावाचा वाटला, आणि तो सगळ्यात जास्त बोचला.

लोक विचारतात, तिकडून काम जमतं का? पोखऱ्यापर्यंत जमतं. पुढे रजा घेऊन जा.

भिलाईला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मृणालला फोन केला आणि सगळं सांगितलं. न लिहिलेली सेटिंग, खोडलेलं उत्तर, सगळं.

ती म्हणाली, "तू मेसेज वाचल्याची खूण दिसली होती मला. मला वाटलं, एवढ्या उंचीवर तुझी आई आजारी पडली असेल. डेमो झाल्यावरही तीच काळजी करत होते."

मी माफी मागितली. "ठीक आहे गं," ती म्हणाली, आणि खरोखरच तिने हे कोणाला सांगितलं नाही. आमचं काम नीट चाललंय. फक्त काही अडलं तर मृणाल आता मला एकटीला मेसेज करत नाही. ग्रुपवर विचारते, सगळ्यांसमोर.