परत आलेला वानोळा

आभाळ सकाळपासून गच्च धरून होतं. बेबीताईंनी अंगणात ताडपत्री अंथरली, तिच्यावर तुरी पसरल्या आणि वर पाहून आभाळालाच एक शिवी हासडली. माघाचा महिना, अंगण कसं चटचट तापायला पाहिजे. अन् इथं नुसतं मळभ. भिजवून तेल लावलेली तूर वाळल्याशिवाय फुटत नाही. तशीच जात्यात घातली तर दाळ नाही, चेंदा निघतो.

"अजी, ऊनही निघत नाही आन् तुमचा लेकही बाहेर निघत नाही," दुपट्टा झटकत वावरात निघालेल्या नवऱ्याला, घनश्यामला, त्या म्हणाल्या.

"राहू दे त्याले. झाड तोडलं तरी बुड वाळाले टाइम लागते."

"तुमचं बरं हाये. वावरात गेले का सुटले. त्या बुडाजोळ दिवसभर मी बसतो ना!"

घनश्याम दुपट्टा खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडला.

आत अंकुर भिंतीकडे तोंड करून पडला होता. सत्तावीस वर्षांचा घोडा. नागपूरच्या कंपनीत नोकरी. काम घरूनही चालतं म्हणून दिवाळीला आला, तो परत गेलाच नाही. लॅपटॉप उघडायचा, काम उरकायचा, झाकायचा आणि भिंतीकडे वळायचा. यवतमाळच्या कॉलेजात असताना पांढरकवड्याच्या निशिगंधाशी जुळलं होतं. दोन्ही घरांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात साक्षगंध उरकू, इथवर गोष्ट आली होती. आणि दिवाळीत पोरगी म्हणाली, आपलं नाही जमणार.

बेबीताईंचा सगळा संताप इथंच अडकायचा. भांडण झालं असतं तर त्यांनी मिटवलं असतं. दुसरा कोणी असता तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण इथं धरायला शेंडाही नव्हता अन् बुडखाही. त्यांनी दृष्ट काढली, मिरच्या चुलीत टाकल्या, तर घरभर ठसका उठला. म्हणजे नजरही लागलेली नव्हती. भरीत केलं, ते ताटात थिजलं. "दुसरी पाहू" म्हणून पाहिलं, तर पोरगा त्या रात्री जेवलाच नाही.

म्हणून कोणाला न सांगता त्यांनी वानोळा धाडला. नवं धान्य घरात आलं की पहिला वाटा जिव्हाळ्याच्या माणसांना जातो. मागच्या दोन्ही साली पहिल्या घाण्याची दाळ निशिगंधाच्या घरी गेली होती, आणि तिची आई फोन करून म्हणायची, "ताई, तुमच्या दाळीचं वरण म्हणजे वरण!" यंदाही ती घेईल, मग फोन येईल, बाईला बाई बोलेल, बोलण्यातून वाट निघेल. एवढा हिशेब करून त्यांनी यंदाच्या पहिल्या दाळीच्या पिशवीचं तोंड दाभणानं शिवलं आणि ती पांढरकवड्याला काळीपिवळी जीप चालवणाऱ्या फकिराच्या हाती दिली.

फाटकासमोर हॉर्न वाजला. फकिरा उतरला, खांद्यावर तीच पिशवी. टाका एकही उसवलेला नव्हता.

"काकू, नाही घेतला त्यायनं. दोनदा गेलो. पोरीची माय म्हने, आता बरं नाही दिसत. रडू आलतं तिले, खोटं कायले सांगू!"

"हळू बोल ना बापा!"

पण दारात अंकुर उभा होता. दाढी वाढलेला, चार दिवस अंघोळ नाही, अंगात चुरगळलेली बंडी.

"कोनाच्या घरी पाठोला होता, माय?"

बेबीताई तुरीत हात फिरवत राहिल्या.

"तिच्या घरी? मी एक फोन केला नाही तिले. एक मेसेज नाही. रात रात फोन उशाखाली दाबून झोपलो. तेवढीच इज्जत उरलती माही. ते तू पिशवीत शिवून तिच्या दारात नेऊन ठेवली?"

"मंग मी करू तरी काय रे? पाहत बसू? तू वाळून काडी होऊन राह्यला, आन् मी तुरी वाळवत बसू?"

"हो! तुरीच वाळव! माह्यासाठी काही नोको करू. काहीच नोको."

फकिरानं उगाच जीपच्या टायरला लाथ मारून पाहिली.

परत आलेला वानोळा घरच्या कणगीत टाकायचा नाही, असं बेबीताईंची सासू सांगायची. अंकुरलाही ते ठाऊक होतं. तो अनवाणीच अंगणात आला, पिशवी उचलून त्यानं काळीपिवळीच्या मागच्या सीटवर टाकली. "फकिराभाऊ, वहिनीले दे. वरण कर म्हना." आणि आत निघून गेला.

जीप गेली. बेबीताईंच्या तोंडात सगळं आलं होतं. नऊ महिने पोटात वागवला, इथपासून तर त्या पोरीच्या नाकापर्यंत. सवयीनं त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, 'दोन घास खाते का रे?' आणि दात आवळून मिटलं. काहीच न करणं एवढं जड काम त्यांना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं.

न्हाणीतून बादली सरकल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. बेबीताईंची मान वळत होती, ती त्यांनी वळू दिली नाही. मळभ तसंच होतं. त्या उकिडव्या बसल्या आणि हातानं तुरी खालीवर करू लागल्या.