निळ्या गाडीचं शेवटचं पॉलिश

चंद्रपुरात गाडी घेतली की किस्से आपोआप साठतात. सकाळी धुतलेल्या बॉनेटवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, इतकी धूळ इथे फुकटात मिळते. कोळशाची वेगळी, सिमेंटची वेगळी, उरलेली रस्त्याची. तिच्यासोबत किस्सेही थोडे थोडे बसत जातात. धूळ पाण्याने निघते, किस्से निघत नाहीत. रविवारी गाड्या घासायला जमणाऱ्या आमच्या मंडळींकडे आता इतके जमलेत, की नवा माणूस आला तर सुरुवात कुठून करायची यावरूनच आमच्यात वाद होतो. मी नेहमी सिस्टरपासून करतो.

सिस्टर म्हणजे माझ्या शेजारच्या रिटायर्ड नर्स, सुजाताबाई. पण कॉलनीत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नाही. अर्धी नोकरी हेमलकशाच्या रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात झाली, उरलेली चंद्रपुरात, वॉर्डाच्या ड्रेसिंग टेबलापाशी. जखम इतक्या हलक्या हाताने साफ करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि उन्हाने मेलेला गाडीचा रंग परत आणणारंही नाही.

माझी लाल गाडी बारा उन्हाळे बाहेर उभी राहून गुलाबी झाली होती. चोखून चोखून रंग गेलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखी. हात लावला की हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागायची. पेंटर म्हणाला होता, "फुल पेंट करा लागन." मी तोंड पाडून घरी आलो, तर सिस्टर कंपाउंडच्या भिंतीवरून पाहत होत्या. त्या आल्या, गॉजचा एक तुकडा ओला केला, दोन थेंब पॉलिश टाकलं आणि डिकीच्या कोपऱ्यावर चार वेळा फिरवला. गॉज लालभडक झाला. मी घाबरलो. उरलासुरला रंगही निघाला!

"घाबरता कायले? जिवंत हाय," सिस्टर म्हणाल्या. "वरचं मेलं हाय फक्त. मेलेलं तेवढं काढाचं, खालची कातडी ताजी हाय."

जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर वरचा पारदर्शक थर नसतो, म्हणून फडक्यावर रंग येतो, हे मला नंतर कळलं. सिस्टरना ते वॉर्डातच कळलं होतं. तीन रविवार आम्ही घासत होतो. चौथ्या रविवारी माझी बायको बाहेर आली, गाडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कोणाची उचलून आणली?"

*

आता माझ्या आईचा किस्सा. ती पंचाहत्तरीची, मूळची मूल गावाकडची. मी बॉनेट घासत होतो आणि ती ओट्यावर बसून माझ्या हाताकडे बघत होती. म्हणजे मनात नापास करत होती. मी चहाला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर आईने पदर खोचलेला, एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात चुलीची राख, आणि डिकीचं काम जोरात!

"पितळेचा पान्याचा गुंड असाच निंगते," ती म्हणाली. "तुह्या त्या डबीत काय हाय?"

डिकी चमकत होती, यात वाद नाही. पण उन्हात तिरकं पाहिलं तर जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. मी डोक्याला हात लावला. सिस्टरना बोलावलं. त्यांनी वाकून डिकी पाहिली, मग आईचे हात हातात घेऊन पाहिले.

"आई, औषध चुकलं तुमचं," त्या म्हणाल्या. "पण हात? असा सारखा दाब या पोरायच्यात एकाचाही नाई."

ओरखडे रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पेस्टने, गेले. तेव्हापासून अवघड जागा, म्हणजे दाराच्या कडा, हँडलच्या खालचा भाग, हे आईकडे असतं. मी तिचा मुलगा असूनही सिस्टर मला तिथे हात लावू देत नाहीत. आणि खरं सांगतो, तिने केलेली कड आणि मी केलेली कड शेजारी ठेवली तर मी स्वतःच माझी कड नापास करतो.

*

अरुणभाऊ घुग्घुसचे, खाणीत कामाला. गाडी पांढरी, पण पांढरी म्हणायला मन धजत नव्हतं. त्यांना गाडीचं वेड. शिफ्टवरून आले की आंघोळीआधी गाडी पुसायची, कोरड्या फडक्याने, रोज.

सिस्टरनी पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घातली आणि बॉनेटवरून हात फिरवला. पिशवीतून बोटांना बारीकशी खरखरही जास्त कळते, ही त्यांची तपासणी. करकर आवाज आला.

"रोज कोन पुसते?"

"मीच," अरुणभाऊंनी छाती फुगवली. "दहा वर्षात एक खाडा नाई सिस्टर."

"म्हून तर हे हाल झाले."

कोळशाची बारीक कच कोरड्या फडक्याने घासली की काचपेपर फिरवल्यासारखं होतं. म्हणजे गाडीचा रंग धुळीने गेला नव्हता, अरुणभाऊंच्या प्रेमाने गेला होता. सिमेंटचे ठिपके दवात भिजून पक्के बसले होते, ते व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने सिस्टरनी एकेक सोडवले. मग हुकूम दिला: आधी भरपूर पाणी, कोरडं फडकं कायमचं बंद.

पुढच्या रविवारी अरुणभाऊ आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. "हात खाजून राह्यले सिस्टर. झोप लागून नाई राह्यली."

सिस्टर हसल्या नाहीत. एखाद्या बिडी सोडणाऱ्या पेशंटशी बोलावं तशा बोलल्या. "सवय एकदम नाई सुटत. आतून पुस. डॅशबोर्ड पुस."

महिनाभराने अरुणभाऊंनी आम्हाला गाडीत बसवून फिरवलं. गाडी बाहेरून दुधासारखी पांढरी. पण आत डॅशबोर्ड इतका चमकत होता की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडलं होतं आणि पुढचा ट्रक दिसत नव्हता!

*

सगळ्यांच्या गाड्या अशा उजळत चालल्या आणि कॉलनीत सगळ्यात फिकी गाडी उरली सिस्टरची. निळी, छोटी, जंगलातल्या नोकरीत असताना घेतलेली. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स पोचत नसे तेव्हा तिच्याच मागच्या सीटवर त्यांनी कितीतरी बाळंतिणी दवाखान्यात आणल्या. दोन बाळांनी तर दवाखान्याची वाटही पाहिली नाही. डॅशबोर्डवर बुद्धाची एक लहान मूर्ती. बाकी गाडी आकाशी म्हणावी की राखाडी, असा प्रश्न पडे.

आम्ही टोमणे मारायचो. डॉक्टरचंच पोर आजारी, वगैरे. एक दिवस सिस्टरनी सरळ सांगितलं.

"शिकले मी हिच्यावरच. येवढी घासली, येवढी घासली, का आता पत्र्यावर कागदायेवढा रंग राह्यला. एकच पॉलिश उरलं हाय हिच्यात. त्याच्यानंतर खालचं अस्तर दिसन."

"मग करून टाका ना," मी म्हणालो.

"करन. वेळ आली का करन."

झालं! ती वेळ कोणती, यावर आमच्यात पैजा लागल्या. अरुणभाऊंचं म्हणणं, सिस्टरच्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नात. ते लग्न बुद्धविहारात झालं. सिस्टर पांढऱ्याशुभ्र साडीत, चेहरा उजळलेला, आणि उतरल्या त्याच फिक्या गाडीतून. अरुणभाऊ पैज हरले. मी म्हणालो, सत्काराला. त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या गावाने त्यांना सत्काराला बोलावलं, त्या गाडीवर फक्त पाणी मारून निघाल्या. मीही हरलो.

शेवटी अरुणभाऊंना राहवलं नाही. सिस्टर बाजारात गेलेल्या बघून कंपाउंडचा डबा घेऊन ते निळ्या गाडीपाशी पोचले. झाकण उघडलं आणि मागून आवाज आला.

"अरुण, पेशंटले इचारल्याबिगर सुई टोचतेत का?"

अरुणभाऊंनी झाकण लावलं. आजही ते कोणाच्याही गाडीला हात लावायच्या आधी विचारतात, अगदी बॉनेटवर चहाचा कप ठेवायलासुद्धा.

*

मडावी साहेब गडचिरोलीच्या बाजूला जंगलखात्यात आहेत. माणूस इतका हळू बोलतो की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्यांची काळी गाडी झाडाच्या डिंकाने आणि पाखरांच्या शिटांनी भरून गेलेली असायची. आमच्या मंडळींनी दोन रविवार लावून ती अशी काही केली, की साहेब गाडीच्या दारात बघून भांग पाडायचे.

पंधरा दिवसांनी साहेब आले. गाडीच्या एका बाजूला बायकोचं जुनं लुगडं गुंडाळून बांधलेलं.

"काय झालं साहेब?"

साहेब काहीतरी पुटपुटले. आम्ही पुढे वाकलो.

"मोर," ते म्हणाले.

क्वार्टरच्या मागे एक मोर रोज यायचा. चमकत्या दारात त्याला दुसरा मोर दिसला आणि त्याने रोज सकाळी त्याच्याशी मारामारी सुरू केली. दारावर चोचीचे वीस-पंचवीस ठोके होते. साहेब मोराला हाकलू शकत नव्हते, कारण त्याला सांभाळण्याचाच तर पगार घेतात!

मला वाटलं, सिस्टर हळहळतील. त्यांनी लुगडं बाजूला केलं, ठोक्यांवरून बोट फिरवलं आणि आईला हाक मारली.

"आई, या पाहा. आपल्या कामावर मोरानं सही करून देल्ली."

ते दार साहेबांनी अजून दुरुस्त केलेलं नाही. विचारलं की ते तोंडातल्या तोंडात म्हणतात, "सर्टिफिकेट हाय."

*

गेल्या हिवाळ्यात निळ्या गाडीच्या कागदांची मुदत संपली. एकदा पासिंग वाढवून झालं होतं. पुन्हा करायचं तर खालचा गंजलेला पत्रा, ब्रेक, बरंच काही बदलायला लागणार होतं. मेकॅनिकने मान हलवली. पल्लवी नागपूरहून फोनवर म्हणाली, "आई, भंगारात देऊन टाक. मी नवीन घेऊन देते."

सिस्टर हो म्हणाल्या. त्यांनीच भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी सकाळी टेम्पो येणार असं ठरलं.

रविवारी आम्ही जमलो तर सिस्टर आमच्या आधीच बाहेर. बादली, गॉज, पॉलिशची डबी. गाडी धुऊन झाली होती. ती वेळ आली, हे आम्हाला कळलं. अरुणभाऊ पुढे झाले.

"सिस्टर, लग्नात नाई केलं, सत्काराले नाई केलं. अन् आता भंगारवाल्यासाठी?"

सिस्टरचा हात थांबला नाही. "वार्डात कोनी गेलं का नातेवाईकायच्या हाती देयाच्या आधी आमी त्याचं आंग पुसत होतो. केस इंचरत होतो. तशाचा तसा कोनाले नाई देल्ला मी, येवढ्या वर्षात."

आम्ही फक्त पाणी आणून देत होतो. डिकी त्यांनी आईला करू दिली, बाकी सगळी गाडी त्यांनी एकट्यांनी केली. गॉज निळे होत गेले, भिंतीवर ओळीने वाळत पडले. दुपारी बॉनेटच्या कोपऱ्यात नखाएवढं राखाडी अस्तर दिसलं. सिस्टरनी हात उचलला. "इथी थांबाचं."

मी बऱ्याच गाड्या उजळताना पाहिल्या आहेत, पण तशी गाडी मी दुसरी पाहिली नाही. बॉनेटमध्ये वरच्या कडुनिंबाची फांदी पानापानासकट दिसत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाणी नको सांडू तिच्यावर, डाग पडन."

सोमवारी सकाळी आम्ही सगळे हजर. अरुणभाऊ शिफ्टवरून थेट आलेले, आंघोळ नाही. मडावी साहेब सुट्टी टाकून आलेले. सिस्टर ओट्यावर बसलेल्या, हातात चावी आणि पदरात कागद.

टेम्पो आला. भंगारवाला उतरला, आम्हाला नमस्कार केला आणि निळ्या गाडीला वळसा घालून घराच्या मागे गेला. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. जिन्याखाली वाकून पाहिलं. परत पुढे आला, पुन्हा त्या गाडीच्या बाजूने, अंग चोरून, आपले कपडे तिला घासू नयेत म्हणून.

"बाई," तो म्हणाला, "भंगार कुठी हाय?"

सिस्टरनी चावीकडे पाहिलं. मग गाडीकडे.

"नाई हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "चुकून फोन लागला माह्याकडून."